‘अडकलेला बोनस’ आणि हैदराबादचा फोन
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतल्या आमच्या पॉलिसीधारकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार मंडळी,

हे पत्रक छापावं लागलं ते एका फोनमुळे. आमचे एक जुने ग्राहक आहेत, निवृत्त शिक्षक. त्यांना फोन आला की मी हैदराबादहून, विमा प्राधिकरणातून बोलतोय. तुमच्या बंद पडलेल्या पॉलिसीचा बोनस एजंटच्या कोडखाली अडकलाय, तो कोड काढायचा तर एक छोटी नवी पॉलिसी घ्या आणि वर जीएसटी भरा, आठ दिवसांत पैसे खात्यात. बोलणाऱ्याला गुरुजींची जन्मतारीख, पॉलिसी नंबर, नॉमिनीचं नाव, सगळं तोंडपाठ होतं. गुरुजी पासबुक घेऊन निघालेसुद्धा. घरातून काकूंनी विचारलं, “कोना फोन उना व्हता?” आणि गुरुजींना नाव सांगता येईना. तिथे ते थबकले आणि बँकेऐवजी आमच्याकडे आले.

वाईट याचं वाटतं की हे लोक नाव वापरतात ते नेमकं ग्राहकाचं रक्षण करणाऱ्या संस्थेचं. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, म्हणजे आपण ज्याला ‘इर्डा’ म्हणतो, ते 1999 च्या कायद्याने उभं राहिलं आणि त्याचं मुख्यालय खरोखरच हैदराबादला आहे. कंपन्यांना परवाना देणं, त्यांचे हिशेब तपासणं, एजंटांना नियम लावणं, चुकणाऱ्याला दंड करणं हे त्याचं काम. फसवणूक पकडायची यंत्रणा कंपनीने स्वतःच्या घरातच ठेवली पाहिजे, असंही त्याने 2013 मध्येच बजावलं आहे. पण इर्डा पॉलिसी विकत नाही, बोनस जाहीर करत नाही, कुणाचे पैसे गुंतवत नाही आणि त्यासाठी कुणाला फोनही करत नाही. त्यामुळे ‘इर्डातून बोलतोय, पैसे भरा’ असं कुणी म्हणालं की तो खोटा, पुढचं ऐकायची गरज नाही. जीएसटीचं म्हणाल, तर 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर तो राहिलेलाच नाही. ‘एजंटचा कोड’ काढण्यासाठी नवी पॉलिसी घ्यावी लागते, असा तर नियमच कुठे नाही.

पैसे गेलेच असतील तर लाज बाळगून गप्प बसू नका. त्याच तासाला 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा, मग बँक, मग पोलीस ठाणे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आली तरच हाती लागते. फोन नंबर, वेळ आणि पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. असला भामटा पकडणं पोलिसांचं काम आहे, विमा लोकपालांचं नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण लोक चुकीच्या दारात महिने घालवतात.

लोकपाल कामी येतात ते खऱ्या कंपनीशी भांडण असेल तेव्हा. क्लेम नाकारला, कमी दिला, लटकवला, किंवा ‘एफडी आहे’ म्हणून पंधरा वर्षांची पॉलिसी गळ्यात मारली, अशी प्रकरणं. पण थेट तिथे जाता येत नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्या आणि पोच घ्या. सोबत इर्डाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा 155255 या नंबरवर तक्रार नोंदवली की कंपनीवर वरून लक्ष राहतं. महिनाभरात उत्तर नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर लोकपाल. आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ते पुण्याला बसतात. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचा दावा चालतो. कंपनीने अंतिम नकार दिल्यापासून वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे. लोकपालांचा निवाडा कंपनीला 30 दिवसांत अमलात आणावा लागतो. तुम्हाला तो मान्य नसेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता तुमच्यासाठी उघडा राहतो. जिल्हा आयोग जळगावला, धुळ्याला, नंदुरबारला आहेच, पण तिथे दोन वर्षांची मुदत पाळावी लागते.

गळ्यात मारलेल्या पॉलिसीवर याहून सोपा उपायही आहे, तो फार कमी लोक वापरतात. पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, यालाच ‘फ्री लूक’ म्हणतात. वैद्यकीय तपासणी, स्टॅम्प ड्युटी आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचे थोडे पैसे कापून बाकीचे परत मिळतात. पूर्वी बहुतेक पॉलिसींना 15 च दिवस होते. म्हणून पाकीट आलं की देव्हाऱ्यामागे ठेवू नका, फोडा आणि हप्ता किती वर्षं भरायचा ते बघा. कळत नसेल तर घेऊन या. ती पॉलिसी आम्ही दिलेली नसली तरी चालेल.

गाड्यांचं वेगळंच. रस्त्याकडेला टेबल टाकून निम्म्या पैशांत ‘थर्ड पार्टी’ काढून देणारे अजूनही भेटतात. कागद हुबेहूब असतो, कंपनीच्या दफ्तरी मात्र नोंद नसते. उद्या पारोळ्याच्या हायवेवर कुणाला धक्का लागला तर भरपाई मालकाच्या खिशातून, वेळ आली तर शेत विकून. पैसे भरल्यावर ‘एमपरिवहन’ ॲपवर गाडीचा नंबर टाका. विम्याची मुदत दिसली पाहिजे. लगेच दिसली नाही तर कंपनीच्या टोल फ्री नंबरवर पॉलिसी नंबर विचारा.

रावेर, यावल, चोपड्याच्या केळीवाल्यांना दोन शब्द जास्त. जिथे केळीचं खोडही नाही तिथे केळीचा विमा उतरवल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत, आणि ऐकताना थोडं हसलोही आहोत. पण त्याचा भुर्दंड खऱ्या केळीवाल्याला पडतो: पडताळणी लांबते, पैसे लांबतात. 2023 च्या खरिपापासून पीकविमा एक रुपयात मिळत होता. बोगस अर्ज इतके निघाले, सरकारी जमिनीसुद्धा विम्यात दाखवल्या गेल्या, की 2025 च्या खरिपापासून सरकारने ती सवलत बंद केली आणि शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाला 2 टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी पिकांना 5 टक्के झाला. तुमच्या जमिनीच्या गट नंबरावर दुसऱ्याच कुणी विमा उतरवलाय का ते पाहून घ्या. शंका आली तर 14447 वर किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे सांगा. केळीच्या हवामान आधारित विम्यात उष्णता-थंडीची भरपाई हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते, पण सुसाट वारा किंवा गारपीट झाली तर 72 तासांत तुम्हीच कळवायचं असतं. गारपिटीसाठी जादा हप्ता भरलेला लागतो.

आता थोडं आपल्या दोघांत. फसवणूक एका बाजूनेच होते असं नाही. ‘शुगर लिहू नका, हप्ता वाढेल’ हे आम्हाला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. प्रपोजल फॉर्मवर सही तुमची असते. आयुर्विमा घेतल्यापासून तीन वर्षांच्या आत खोटेपणा उघड झाला तर कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि तेव्हा समोर बसलेली असते ती तुमची बायको. तीन वर्षं उलटल्यावर विमा कायद्याच्या कलम 45 नुसार कंपनीला पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही, हे खरं. पण मरण कॅलेंडर बघून येत नाही. आरोग्य विम्यात अशी मुदत पाच वर्षांची आहे, पण फसवणूक सिद्ध झाली तर तिथे तीही कामी येत नाही.

दुसरं, कमिशनमधून पहिला हप्ता ‘ॲडजस्ट’ करून मागू नका. ते देणंही गुन्हा, घेणंही गुन्हा. कलम 41 खाली 10 लाखांपर्यंत दंड आहे. शेजारचा देतो म्हणून आमच्याकडे रुसून गेलेले ग्राहक आहेत. जाऊ द्या.

हप्ता नेहमी कंपनीच्या नावाच्या चेकने किंवा कंपनीच्या लिंकवर भरा. आमच्या स्वतःच्या खात्यात एक रुपयाही टाकू नका. आमचं ओळखपत्र मागायला संकोच करू नका, राग येणार नाही.

लोकपालांचा अर्ज लिहायला आम्ही फुकट मदत करतो. पॉलिसी, नकाराचं पत्र, कंपनीला दिलेल्या तक्रारीची पोच आणि आधारची झेरॉक्स बरोबर आणा. बाजाराच्या दिवशी तेवढं येऊ नका, बसायला खुर्च्या दोनच आहेत.