पार्श्वभूमी : ब्राउझरमधले खेळ आणि फ्लॅशचं न मिटलेलं भांडण

हल्ली ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकतं, ती दाबली की दोन सेकंदांत खेळ सुरू. डाउनलोड नाही, लॉगिन नाही, स्टोरेज भरल्याची रड नाही. याला ‘इन्स्टंट गेम’ असं नवं नाव मिळालंय आणि जणू कालच शोध लागल्यासारखं त्याचं कौतुक चाललंय. सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजलेल्यांना हसू येईल. खेळ आधीपासून ब्राउझरमध्येच होते, आणि ते चालायचे फ्लॅश नावाच्या, ब्राउझरला वेगळ्या जोडाव्या लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे प्लगइनवर. मधली काही वर्षं त्यांना तिथून हुसकून लावलं गेलं, आणि ते कुणी व का, यावर आजही दोन गट पडतात.

फ्लॅशचा जन्म खेळांसाठी झालाच नव्हता. १९९३ च्या सुमारास अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीने लेखणीने चालणाऱ्या संगणकांसाठी चित्रं काढण्याचं सॉफ्टवेअर केलं. ते संगणक चालले नाहीत, म्हणून त्यात हलती चित्रं करायची सोय घालून १९९६ मध्ये ते वेबसाठी विकायला काढलं. त्याच वर्षअखेरीस एका मोठ्या कंपनीने ते विकत घेतलं आणि नाव ठेवलं फ्लॅश. २००० च्या आवृत्तीत ॲक्शनस्क्रिप्ट ही भाषा आली, आणि ज्यांना प्रोग्रामिंगचं पुस्तक कधी उघडावंसं वाटलं नव्हतं अशी चित्रकार मंडळीही खेळ बनवू लागली.

आपल्याकडे हे सगळं पोचलं ते फाइलच्या आकारामुळे. फ्लॅश चित्राचा एकेक ठिपका साठवत नसे. रेषा कुठून कुठे जाते आणि आत रंग कोणता, एवढंच लिहून ठेवत असे. त्यामुळे अख्खा खेळ काहीशे केबीत बसायचा, फार तर एक-दोन एमबीत. भारताच्या २००४ च्या धोरणात ब्रॉडबँडची किमान व्याख्याच २५६ केबीपीएस होती, आणि त्याआधीच्या डायल-अपवर एक एमबी उतरायला तीन-चार मिनिटं सहज जायची. लोडिंगची पट्टी भरेपर्यंत बाजूच्याशी गप्पा मारायच्या. एकदा भरली की नेट गेलं तरी खेळ चालू राहायचा, आणि त्या काळी नेट हमखास जायचं.

आमच्या कॉलेजजवळच्या कॅफेत याचा पुढचा अंक चाले. ब्राउझरच्या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये जायचं, आकारानुसार यादी लावायची, एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशच्या खेळाची, फाइल हुडकून पेनड्राइव्हवर घ्यायची. घरी नेट नसलं तरी खेळ चालायचा. सगळे मात्र नाही. काही खेळ आधी स्वतःचा पत्ता तपासत, आपण ठरलेल्या साइटवर नाही हे कळलं की काळा पडदा आणि ‘अमुक साइटवर जाऊन खेळा’ एवढी ओळ. याला साइटलॉक म्हणत. बाकीच्या बहुतेक खेळांना मात्र पळवलं जायला हवंच असायचं, कारण सुरुवातीला झळकणारा लोगो ज्या पोर्टलचा, म्हणजे खेळांच्या साइटचा, त्याने बनवणाऱ्याला थेट पैसे दिलेले असत. खेळ जितका चोरला जाई तितकी त्या लोगोची जाहिरात. २००९ मध्ये फेसबुकवर आलेल्या फार्मव्हिलने हे गणित मोडलं. खेळ फुकटच, पण पीक लवकर यावं म्हणून पैसे मोजणारे निघाले. तोही फ्लॅशवरच होता.

आता मुख्य भांडणाकडे.

आयफोन २००७ मध्ये आला तेव्हा त्यात फ्लॅश नव्हतं. पुढेमागे येईल, असं बऱ्याच जणांनी धरून ठेवलं होतं. २९ एप्रिल २०१० ला आयफोनवाल्या कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर पत्र लिहून तो विषय संपवला. पत्रात सहा मुद्दे होते : फ्लॅश एकाच कंपनीच्या ताब्यात आहे, वेबवरचा बराचसा व्हिडिओ आता त्याच्याशिवायही दिसतो, ते असुरक्षित आहे आणि मॅक कोलमडण्याचं पहिलं कारण तेच, बॅटरी खातं, माउससाठी बनलंय, बोटासाठी नाही, आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा म्हणून मांडलेला, आपल्या फोनवरचं ॲप कशाने बनवायचं हे तिसऱ्याच कुणाच्या साधनावर अवलंबून नको.

यातले मधले मुद्दे खरेच होते, फ्लॅशच्या प्रेमाखातर ते नाकारण्यात अर्थ नाही. पंखा घूं घूं करू लागला की कुठल्या टॅबमध्ये फ्लॅश चालू आहे ते शोधणं हा आमचा नित्यक्रम होता. सुरक्षेची छिद्रं बुजवणारे अपडेट पुढेही दहा वर्षं येतच राहिले. बोटाचा मुद्दाही पटण्याजोगा. माउस एखाद्या बटणावर नुसता नेता येतो; बोट काचेला टेकतं किंवा टेकत नाही, अधलीमधली अवस्थाच नाही. पण त्या काळच्या साध्या वेबपानांवरचे मेनूही माउस वर नेला की उघडणारेच होते. त्यांच्यावर कुणी बंदी घातली नाही.

खरा गुंता झाला तो ‘ओपन’ या शब्दाचा. पत्राचं म्हणणं : फ्लॅश बंदिस्त, एचटीएमएल५ (वेबपानं ज्या भाषेत लिहितात तिची नवी आवृत्ती) खुलं. फ्लॅशवाल्या कंपनीचं म्हणणं : आम्ही २००८ मध्येच फाइलच्या रचनेवरची परवान्याची बंधनं उठवली, फोनवर काय चालावं हे एकट्याने ठरवणारे तुम्ही, आणि बंदिस्त आम्ही? मे २०१० मध्ये तिने वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन हेच सुनावलं. दोघांचंही खरं होतं, कारण एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जात होता. एकाला म्हणायचं होतं की मानकावर एका मालकाची सत्ता नको. दुसऱ्याला म्हणायचं होतं की दारावर पहारा नको. त्यात आणखी एक गंमत : ज्या एचटीएमएल५ चा दाखला दिला ते मानक म्हणून अंतिम झालं ऑक्टोबर २०१४ मध्ये, म्हणजे पत्रानंतर साडेचार वर्षांनी. आणि पत्रात फ्लॅशऐवजी पुढे केलेला एच.२६४ हा व्हिडिओचा प्रकार पेटंटांनी जखडलेला होता.

माझ्या मते सहावा मुद्दाच खरा होता, बाकीचे त्याच्या सोबतीला आलेले. त्याच एप्रिलमध्ये फ्लॅशची नवी आवृत्ती येणार होती, ज्यातून खेळ थेट आयफोनच्या ॲपमध्ये बदलता येणार होता. ती बाजारात यायच्या काही दिवस आधी ॲप बनवणाऱ्यांच्या करारात एक कलम घुसलं आणि अशी साधनं बाद ठरली. तिथे ब्राउझरचा प्रश्नच नव्हता, बॅटरी खाणाऱ्या प्लगइनचाही नव्हता. सप्टेंबर २०१० मध्ये ते कलम सैल केलं गेलं, पण तेवढ्या पाच महिन्यांत हवा बदलली. २०११ मध्ये मशिनॅरियम हा चेक प्रजासत्ताकातला खेळ आयपॅडवर आला तो फ्लॅशच्याच साधनांनी बनवलेला, आणि लोकांनी तो उचलून धरला. तोवर मात्र नवीन कुणी फ्लॅश शिकायला जात नव्हतं.

पुढचं भराभर झालं. नोव्हेंबर २०११ मध्ये मोबाइलवरच्या फ्लॅशचं काम थांबलं. २०१५ च्या सुरुवातीला यूट्यूबने एचटीएमएल५ हा आपला नेहमीचा प्लेअर केला. २०१७ मध्ये शेवटची तारीख जाहीर झाली, ३१ डिसेंबर २०२०. त्याच दिवशी मूळ फार्मव्हिलही बंद झालं. १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरच फ्लॅशच्या फाइली उघडायला नकार देऊ लागला. साडेतीन वर्षं आधी सांगूनही दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याचे काही फॉर्म फ्लॅशवरच राहिले होते. त्यांनी ते भरण्यासाठी चक्क स्वतःचा ब्राउझर काढला. सरकारी साइटवर ‘इंटरनेट एक्सप्लोररच वापरा’ ही पाटी वाचत मोठे झालेल्या आपल्याला यात नवल वाटू नये.

रिकामी जागा भरायला वेळ लागला. प्लगइनशिवाय त्रिमिती चित्रं दाखवणारं वेबजीएल २०११ पासून होतं, जड प्रोग्राम ब्राउझरमध्ये वेगाने चालवणारी वेबअसेम्ब्ली २०१७ मध्ये आली. मधल्या काळात २०१५ च्या ॲगार डॉट आयओ या ब्राउझरमधल्या खेळाने दाखवून दिलं की नुसत्या गोल ठिपक्यांवरही जगभरचे अनोळखी लोक एकमेकांना गिळत बसू शकतात.

मग जुनंच भांडण नव्या वेषात परतलं. २०२० मध्ये सर्व्हरवर चालणारे खेळ फोनवर दाखवणाऱ्या सेवा निघाल्या, तेव्हा आयफोनच्या स्टोअरचा नियम आला की प्रत्येक खेळ वेगळा तपासायला द्या. त्या सेवांनी वळसा घेतला आणि आयफोनवर त्या उघडू लागल्या ब्राउझरमध्ये! हा नियम जानेवारी २०२४ मध्ये सैल झाला. पण आयफोनवरच्या ब्राउझरांचं वरचं नाव काहीही असो, आतलं, पान उघडून दाखवणारं इंजिन वर्षानुवर्षं एकच, फोनवाल्या कंपनीचं. वेबपानाला नोटिफिकेशन पाठवायची सोय क्रोमने अँड्रॉइडवर २०१५ मध्ये दिली, आयफोनवर ती आली २०२३ मध्ये. युरोपच्या कायद्याने मार्च २०२४ मध्ये दुसऱ्या इंजिनांना वाट करून दिली. त्याच सुमारास होम स्क्रीनवर ठेवता येणारी वेब ॲप्स युरोपात बंद करायचं त्या कंपनीने ठरवलं होतं. ओरड झाल्यावर १ मार्चला तो निर्णय मागे घेतला गेला.

जुन्या खेळांचं काय झालं? रफल नावाचा एम्युलेटर, म्हणजे फ्लॅशची नक्कल करणारा प्रोग्राम, आता प्लगइनशिवाय बरेचसे चालवतो; ॲक्शनस्क्रिप्टच्या पहिल्या दोन पिढ्यांतले जास्त नीट, तिसऱ्या पिढीतले जरा अडखळत. हौशी लोकांनी एक लाखाहून जास्त खेळ गोळा करून एका संग्रहात ठेवलेत. परवा माझ्या जुन्या पेनड्राइव्हवरची फाइल रफलमध्ये टाकली. काळा पडदा, ‘अमुक साइटवर जाऊन खेळा’. ती साइट कधीच गेली. तोच खेळ संग्रहातून उघडला तर सुरू झाला. संग्रहाचं सॉफ्टवेअर आपल्याच संगणकावर एक खोटा सर्व्हर उभा करतं आणि खेळाला सांगतं, तू आहेस तिथेच आहेस.