'मोराची चादर' शोधखिडकीला का कळत नाही?

सोलापुरात चादरीच्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक क्वचितच नेमकं नाव घेतं. "ते मोराचं, जाडजूड, आहेरात द्यायचं" एवढं ऐकून काउंटरमागचा माणूस वरच्या फळीवरून बरोबर तोच गठ्ठा खाली ओढतो. माझ्या ओळखीच्या अशाच एका दुकानाने संकेतस्थळ काढलं. मी शोधखिडकीत 'मोराची चादर' टाकलं. उत्तर आलं, 'एकही वस्तू सापडली नाही'. चादर शिल्लक होती, पण यादीत तिचं नाव होतं 'मयूर नक्षी, डबल'.

आपण शब्द टाकल्यावर संगणक सगळी पानं चाळत बसत नाही. त्याने आधीच उलटी सूची करून ठेवलेली असते. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्द आणि त्यापुढे पृष्ठक्रमांक असतात, तशीच. 'मयूर' या शब्दापुढे पानं आहेत, 'मोर' हा शब्दच सूचीत नाही. मग मिळणार काय?

बरं, 'मोर' सूचीत असता तरी मी लिहिलं होतं 'मोराची'. मराठी नाम प्रत्ययाआधी रूप पालटतं, म्हणून शोधयंत्राला प्रत्यय सोलून मूळ शब्द काढावा लागतो. 'चादरीचे'मधून 'ीचे' काढलं की 'चादर' मिळते. पण तोच नियम 'हरीचे'ला लावला तर हरीचा 'हर' होतो! आणि 'सोलापुरात'मधला प्रत्यय काढला तर हाती 'सोलापुर' येतं, 'सोलापूर' नव्हे. आपल्या डोळ्याला उकाराचा फरक जाणवतही नाही. युनिकोडमध्ये मात्र ऱ्हस्व उकाराचा क्रमांक ०९४१ आणि दीर्घाचा ०९४२, म्हणजे संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी गावं. शुद्धलेखनाचे नियम तंतोतंत पाळणाराही इथे फसतो, याची मला जरा गंमतच वाटते.

यावर उपाय आहे. १९६५ मध्ये सोव्हिएत गणितज्ञ व्लादिमिर लेव्हेनश्टाइन यांनी दोन शब्दांमधलं अंतर मोजायची रीत मांडली. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात, ते मोजायचं. 'सोलापुर' आणि 'सोलापूर' यांत अंतर एक, तेव्हा चूक माफ. पण 'पंचा' आणि 'पंखा' यांतही अंतर एकच आहे. अंग पुसायला पंचा शोधणाऱ्यापुढे छताचा पंखा यायला नको, म्हणून छोट्या शब्दांना ही सवलत जपून द्यावी लागते.

सापडलेल्यांपैकी वर काय दाखवायचं? ब्रिटिश संशोधक कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये सांगितलं की जो शब्द थोड्या पानांत येतो, त्याला जास्त वजन द्या. दुकानात ४०० वस्तू असतील आणि सगळ्यांच्या नावात 'सोलापुरी' असेल, तर या सूत्राच्या आज रूढ असलेल्या रूपानुसार 'सोलापुरी'चं वजन शून्य. ज्या शब्दाला भौगोलिक मानांकन मिळालं, ज्याच्यावर गावाचा धंदा चालतो, तो शोधात कुचकामी!

हे सगळं जमवलं तरी 'मोर' आणि 'मयूर' यांची गाठ पडत नाहीच. जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं की एकाच गोष्टीसाठी दोन माणसं आपणहून एकच शब्द निवडण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. सोलापुरात तर मराठी 'पांघरूण', तेलुगू 'दुप्पटी' आणि कन्नड 'होदिके' एकाच गल्लीत नांदतात. शिवाय इंग्रजी लिपीत चादर लिहिताना 'डी' एक की दोन, यावर कुणाचं एकमत नाही. सरकारी संकेतस्थळांवरही हीच गत. तिथे 'वीज देयक', 'मालमत्ता कर'. लोक शोधणार 'लाईट बिल', 'घरपट्टी'. शब्दांना आकड्यांच्या रूपात मांडून जवळच्या अर्थाचे शब्द जवळ आणणारी तंत्रं २०१३ नंतर खूप पसरली. पण ती मजकूर वाचून शिकतात, आणि गल्लीतली बोली फारशी कुणी लिहून ठेवलेली नसते.

म्हणून मला सगळ्यात मोलाची वाटते ती फसलेल्या शोधांची नोंद. कोणते शब्द टाकून लोक रिकाम्या हाताने गेले, ते संकेतस्थळाला टिपून ठेवता येतं. दर आठवड्याला कुणीतरी ती यादी वाचायची आणि एकेक शब्द योग्य वस्तूशी जोडायचा. 'रंग जातो का', 'बदलून मिळेल का' असे प्रश्नही तिथेच सापडतात. त्यांची उत्तरं गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहिली की तेवढ्यासाठी कुणाला फोन करावा लागत नाही. उरलेल्यांसाठी 'सापडलं नाही'च्या खालीच फोन नंबर हवा. तो पाच पानांआड लपवणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

त्या दुकानाची यादी मालकांनी मला दाखवली. मोर होता, दुप्पटी होती, आणि पुन्हा पुन्हा आलेला एक शब्द होता: शेंगा चटणी.

"चादरीच्या दुकानात चटणी शोधायलेत ओ लोक!" मालक हसून म्हणाले. मग जरा थांबून त्यांनी काउंटरच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं.