दुय्यम मूत्रअसंयम (लहान मुलांमधील)

शू सांगायला शिकलेल्या आणि बरेच महिने कोरड्या राहिलेल्या मुलाच्या चड्डीत किंवा अंथरुणात पुन्हा लघवी होऊ लागणे. मूल आधी किमान सहा महिने सलग कोरडे राहिले असेल तरच वैद्यकात त्याला 'दुय्यम' म्हणतात. जे कधीच पुरते कोरडे झाले नाही, त्याचा त्रास 'प्राथमिक'. रात्री अंथरूण ओले करण्याला आयुर्वेदात शय्यामूत्र म्हणतात आणि शार्ङ्गधर संहितेत ते बालरोगांमध्ये गणले आहे. पाच वर्षांखालच्या मुलाला रात्री अधूनमधून शू झाली तर तो आजार मानत नाहीत. मात्र वर्षभर कोरडे असलेले चार वर्षांचे मूल एका आठवड्यात तीन-चारदा ओले झाले, तर 'लहान आहे अजून' हे उत्तर पुरत नाही. घरात बहुधा दुसरेच उत्तर तयार असते: मुद्दाम करतो, लाडावलाय. मुद्दाम करणारे मूल फार क्वचित आढळते.

चार वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात साधारण १५० मिलिलिटर, म्हणजे फुलपात्रभर लघवी मावते. वयात एक मिळवून ३० ने गुणायचे, असा डॉक्टरांचा ढोबळ हिशेब आहे. मूत्राशय भरल्याचे कळणे, मेंदूने 'थांब' म्हणणे, खालचे स्नायू आवळणे आणि योग्य जागी ते सैल सोडणे ही सगळी साखळी मुलाने नुकतीच हस्तगत केलेली असते. शरीरात किंवा घरात काही बिघडले की नवे कौशल्य आधी ढासळते.

सर्वांत जास्त दुर्लक्षित कारण बद्धकोष्ठता हे आहे. मलाशय मूत्राशयाच्या अगदी पाठीमागे असते. तिथे कडक मळ साठून राहिला की मूत्राशयाला फुगायला जागा उरत नाही, ते अवेळी आकसते आणि पूर्ण रिकामेही होत नाही. मूल रोज शीला जाते, मग बद्धकोष्ठ कसा, असा प्रश्न आईवडील हमखास विचारतात. पण रोज थोडी थोडी शी होऊनही आत साठा राहू शकतो. चड्डीला लागलेले डाग किंवा संडास तुंबवणारी जाड शी ही त्याची खूण. मॉन्ट्रियलचे डॉक्टर शॉन ओरेगन यांनी १९८०च्या दशकात हा संबंध ठळकपणे मांडला. पुढे १९९७ मध्ये अमेरिकेतील आयोवा येथील व्हेरा लोएनिंग-बाउके यांनी बद्धकोष्ठाच्या २३४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा कोठा सुधारला, त्यांच्यापैकी दिवसा ओल्या होणाऱ्या ८९ टक्के आणि रात्री ओल्या होणाऱ्या ६३ टक्के मुलांचा तो त्रास थांबला. मूत्राशयावर कोणतेही औषध न देता!

बद्धकोष्ठाचा जोडीदार म्हणजे दाबून धरण्याची सवय. बालवाडी सुरू झाली, तिथले शौचालय घाण किंवा अंधारे आहे, करंगळी दाखवली तर बाई रागावतील अशी भीती आहे. मूल सकाळी घरून निघते ते घरी येईपर्यंत शू करत नाही. पाणीही पीत नाही. घरी खेळाच्या नादात तेच. पाय आवळून नाचणे, कोपऱ्यात उकिडवे बसून टाच खाली दाबणे अशा युक्त्या मुले आपणहून शोधतात. टाचेवर बसण्याच्या या युक्तीचे वर्णन व्हिन्सेंट या ब्रिटिश डॉक्टरांनी १९६६ मध्ये केले आणि तिला त्यांचेच नाव पडले. पाहणाऱ्याला वाटते मूल खेळतेय. ते खरे तर गळती रोखत असते.

लघवी करताना जळजळ झाली की आपल्याकडे 'उन्हाळी लागली' म्हणून धण्याचे पाणी किंवा सब्जा देतात. ऊन हे कारण असेलही, पण जळजळ, ताप, उग्र वास आणि अचानक ओले होणे एकत्र आले तर मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग धरून चालावे आणि लघवी तपासावी. मूत्रमार्ग आखूड असल्याने मुलींना तो अधिक होतो. बहुतेक वेळा आतड्यातला ई. कोलाय हाच जंतू असतो. कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, मधल्या धारेची लघवी घ्यायची असते. चिकट पिशवी लावून घेतलेल्या नमुन्यात त्वचेवरचे जंतू सहज मिसळतात आणि नसलेला संसर्ग दिसतो.

काही प्रकार निरुपद्रवी आहेत. तीन ते आठ वर्षांच्या एखाद्या मुलाला अचानक दर दहा-पंधरा मिनिटांनी शू लागते. रात्री झोपेत मात्र काही नाही, जळजळ नाही, तपासण्या निर्दोष. हे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप थांबते. मुली गुडघे जुळवून शू करत असल्या तर थोडी लघवी योनीमार्गात राहते आणि उठल्यावर पाच-दहा मिनिटांत चड्डी ओलसर होते. पाय फाकवून, पायांखाली पाट घेऊन बसवले की झाले.

सर्वांत घाईचे कारण टाइप १ मधुमेह. रक्तातली साखर वाढली की ती लघवीतून पाणी ओढून नेते. मूल सारखे पाणी मागते, भरभरून लघवी करते, वजन घटते, थकते. लघवीला मुंग्या लागतात ही आपल्याकडची फार जुनी नोंद. हे वेळीच ओळखले नाही तर काही दिवसांत उलट्या, पोटदुखी, धापा आणि गुंगीपर्यंत मजल जाते. तेव्हा रुग्णालय गाठायला एक तासही दवडू नये. इटलीतील पार्मा प्रांतात १९९१ पासून शाळांत व दवाखान्यांत एक साधे पोस्टर लावले गेले: कोरडे असलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले तर साखर तपासा. निदानाच्या वेळीच अशा गंभीर अवस्थेत पोचलेल्या मुलांचे प्रमाण तिथे ७८ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आले. बोटाला टोचून साखर पाहायला मिनिटही लागत नाही, म्हणून ही तपासणी पहिल्याच भेटीत व्हावी.

मनाच्या कारणांचे मोठे उदाहरण इतिहासात सापडते. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनने बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने काही दिवसांत सुमारे १५ लाख माणसे शहरांतून खेड्यांत हलवली. त्यांत मुलेच फार. अनोळखी घरांतली अंथरुणे ओली होऊ लागली तेव्हा यजमानांनी मुलांच्या वळणाला दोष दिला. पुढे लंडनच्या हॅम्पस्टेडमधील युद्धकालीन पाळणाघरांत अ‍ॅना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांनी पाहिले की, आईपासून तुटलेली लहानगी नुकतीच लागलेली स्वच्छतेची सवय गमावतात. शांततेच्या काळात पाळण्यात आलेले भावंड, घर बदलणे, घरातली भांडणे किंवा कुणाचा मृत्यू एवढेही पुरते. मात्र मन हे कारण शेवटी धरावे, आधी नव्हे. भावंड झालेल्या मुलालाही बद्धकोष्ठ असतो. मूल एखाद्या माणसाला किंवा जागेला घाबरू लागले, गुप्तांगाजवळ दुखते म्हणाले, तर लैंगिक अत्याचाराची शक्यता डोळ्यांआड करू नये. मदतीसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहे.

चालण्यात बदल, पायात अशक्तपणा, माकडहाडाजवळ खळगा किंवा केसांचा पुंजका दिसला तर पाठीच्या कण्याची तपासणी लागते. रात्रीचे घोरणे आणि गुदद्वाराची खाज याबद्दलही डॉक्टरांना सांगावे; वाढलेले अ‍ॅडिनॉइड (नाकामागच्या गाठी) आणि जंत दोन्ही या त्रासाशी जोडलेले आढळतात.

उपचार कारणावर ठरतो. दोन-तीन दिवस शूच्या वेळा, प्यायलेले पाणी आणि शी यांची वही ठेवली तर अर्धे निदान तिथेच होते. दिवसातून चार ते सात वेळा शू हे सर्वसाधारण मानतात. कोठा मोकळा करायला पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पूड बरेच आठवडे द्यावी लागते, आणि मध्येच थांबवली की साठा पुन्हा होतो. दर दोन-तीन तासांनी, लागो वा न लागो, शूला पाठवायचे. पाणी तोडू नये, त्याने लघवी दाट होऊन जळजळ आणि कोठा दोन्ही बिघडतात. थंडीत दिले जाणारे तीळ-गूळ खायला चांगलेच, पण ते औषध नव्हे. अंथरूण ओले होताच वाजणारा गजर १९३८ मध्ये माउरर दांपत्याने प्रचारात आणला. तो आणि डेस्मोप्रेसिन हे औषध मुख्यतः रात्रीच्या त्रासासाठी, साधारण पाच-सहा वर्षांनंतर वापरतात. चार वर्षांच्या मुलाला ते सहसा देत नाहीत.