पंपाचा इंपेलर बदलताय? आधी एवढं तपासा

शेतकरी बंधू-भगिनींनो, राम राम.

उन्हाळा लागला की अक्कलकोट रोडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये रोज कुणी ना कुणी जुना इंपेलर (पंपातलं पात्यांचं फिरणारं चाक) पिशवीत घालून येतं. मागणी बहुतेक एकच असते: "पाणी कमी पडतंय, जरा मोठा बसवून द्या." मोठा बसवून देणं आम्हाला अवघड नाही. पण नुसता अंदाजाने मोठा बसवलेला इंपेलर पाणी थोडं वाढवतो आणि मोटार जाळतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिलंय. म्हणून खर्च करण्याआधी हे पत्रक वाचा, घरात जो मोटार चालू-बंद करतो त्यालाही वाचायला द्या.

आधी ड्रम भरून बघा

२०० लिटरचा ड्रम डिलिव्हरीच्या (पाणी बाहेर येणाऱ्या पाइपच्या) तोंडाखाली धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. २० सेकंदांत भरला तर तुमचा पंप सेकंदाला १० लिटर पाणी देतोय. त्याच वेळी तिन्ही फेजचे अँपिअर लिहून ठेवा. या दोन आकड्यांवरून अर्धं निदान होतं.

पाणी कमी आणि अँपिअरही कमी झाले असतील, तर पंपात पाणी पुरेसं येतच नाही. फुटव्हॉल्व्हची (पाण्यातल्या टोकाच्या झडपेची) जाळी शेवाळाने धरलेली असते, सक्शनच्या (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या) जोडातून हवा ओढली जाते, किंवा इंपेलरच्या तोंडात चिंधी नाहीतर पाला अडकलेला असतो. यात नवा इंपेलर घेण्याची काहीच गरज नाही. लाइनचं किंवा डीपीचं (ट्रान्सफॉर्मरचं) काम नुकतंच झालं असेल तर फेज उलटून मोटार उलटी फिरत नाही ना, तेही बघा. उलट्या फिरणाऱ्या पंपातूनही पाणी येतं, फक्त कमी येतं. त्यामुळे महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

पाणी कमी झालंय, अँपिअर मात्र पूर्वीइतकेच आहेत आणि पाइपलाइन कुठे फुटलेली नाही, तर आमचा पहिला संशय वेअरिंगवर असतो. इंपेलरचं तोंड केसिंगमधल्या (पंपाच्या कवचातल्या) ज्या रिंगमध्ये फिरतं ती ही वेअरिंग. नवी असताना दोघांमध्ये अगदी थोडी फट असते. गाळाच्या पाण्याने ती वाढत जाते आणि दाबाने बाहेर जायला हवं ते पाणी त्या फटीतून परत सक्शनकडे वळतं. मोटार तेच पाणी पुन्हा पुन्हा उचलत राहते. अशा वेळी इंपेलरची पाती चांगली असली तर आम्ही त्याची मान लेथवर साफ करतो आणि त्या मापाची नवी रिंग करून बसवतो. नव्या इंपेलरपेक्षा हे स्वस्त पडतं. उलट जुन्या झिजलेल्या रिंगमध्ये नवाकोरा इंपेलर घातला तर पैसे जातात आणि पाणी जवळपास तेवढंच राहतं.

मोठा इंपेलर म्हणजे नेमकं काय होतं

इंपेलरचा व्यास वाढला की पाणी ढोबळमानाने त्याच प्रमाणात वाढतं, हेड (पंप पाणी किती उंच चढवू शकतो ते) वर्गाच्या प्रमाणात आणि मोटारीवरचा भार घनाच्या प्रमाणात. उदाहरण घ्या. १६० मिलिमीटरच्या जागी १७० मिलिमीटरचा इंपेलर बसवला. वाढ फक्त १० मिलिमीटरची, बोटाच्या पेराएवढीही नाही. पाणी साधारण ६ टक्के वाढेल, हेड १३ टक्के, आणि भार २० टक्के! पाच एचपीची मोटार आधीच पूर्ण भाराने चालत असेल तर तिच्याकडून आता सहा एचपीचं काम मागितलं जातंय.

एकदा ही चूक आमच्याच हातून झाली. एका शेतकऱ्याला वरच्या पट्टीपर्यंत पाणी न्यायचं होतं, म्हणून आम्ही मोठा इंपेलर बसवून दिला. वरच्या पट्टीला पाणी छान चढलं, अँपिअरही बरोबर होते. चार दिवसांनी रात्रीच्या लाइटला त्यांनी विहिरीजवळच्या तुकड्याचा व्हॉल्व्ह उघडला. चढ कमी झाला, पाणी मोकळं सुटलं, करंट वाढला आणि सकाळपर्यंत वाइंडिंग जळालं होतं. अशा पंपात पाणी जितकं मोकळं सुटेल तितका भार वाढतो. अनेकांना हे उलटं वाटतं; उंचावर पाणी चढवताना मोटारीला जास्त त्रास होतो असाच समज असतो. ते वाइंडिंग आम्ही आमच्या खर्चाने भरून दिलं. तेव्हापासून वरच्या आणि खालच्या, दोन्ही ठिकाणच्या पाण्याचा हिशोब घेतल्याशिवाय आम्ही मोठा इंपेलर देत नाही.

जेट बोटीतही हाच प्रश्न येतो. जेट बोटीच्या पोटात एक पंपच असतो. तळातून पाणी ओढायचं आणि मागच्या बाजूने जोरात फेकायचं, त्या धक्क्याने बोट पुढे जाते. न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात उथळ नद्यांसाठी या बोटी रूढ केल्या. तिथे इंजिनाला न झेपणारा इंपेलर बसवला तर इंजिनाचे फेरे उतरतात आणि चालवणाऱ्याला लगेच कळतं. विहिरीवरच्या जुन्या डिझेल इंजिनाचंही तसंच होतं, ते धापा टाकायचं. विजेची मोटार मात्र फेरे फारसे सोडत नाही, करंट ओढत राहते. म्हणून स्टार्टरचा ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटार बंद करणारा) बरोबर लावलेला हवा. तो पिळून वर चढवून ठेवला असेल तर मोटार वाचवणारं दुसरं काही उरत नाही.

काही ठिकाणी तर इंपेलर लहान करायला हवा. ड्रिपवर पंप चालवताना फिल्टरपुढचा बायपास कायम उघडा ठेवावा लागतो का? डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह नेहमी अर्धा दाबून ठेवता का? मग तुमचा इंपेलर कामापेक्षा मोठा आहे. ड्रिपला मीटरवर एक किलो दाब म्हणजे साधारण १० मीटर हेड लागतं; त्यात विहिरीची खोली, चढ आणि पाइपमधली घट मिळवून बेरीज करा. इंपेलर लेथवर १० टक्क्यांनी कमी केला तर हेड ८१ टक्क्यांवर येतं आणि भार ७३ टक्क्यांवर. त्याहून फार जास्त कापू नये, पंपाची कार्यक्षमता ढासळते. आणि एकदा कापलेलं परत लागत नाही, म्हणून आम्ही दोन टप्प्यांत कापतो आणि मध्ये एकदा पाणी चालवून बघतो.

उजनीच्या फुगवट्यावरच्या शेतकऱ्यांसाठी

करमाळा, माढा भागातून येणाऱ्यांची तक्रार वेगळी असते. उजनी धरणाचा मृतसाठा (कालव्याने सोडता न येणारं तळाचं पाणी) सुमारे ६३ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. उन्हाळ्यात धरण त्याच्याही खाली गेलं की पाणी काठापासून लांब सरकतं आणि प्रत्येकाला मोटारी, केबल आणि पाइप घेऊन त्याच्या मागे जावं लागतं. जो मागे जात नाही त्याच्या पंपाची सक्शन उंची वाढत जाते. आपल्या भागात हवेचा दाब जेमतेम पावणेदहा मीटर पाणी तोलतो. पाइपमधली घट आणि पंपाची स्वतःची गरज धरली तर सहा-सात मीटरच्या वर सक्शन नेऊच नये. त्यापुढे इंपेलरच्या तोंडाशी पाण्याची वाफ होऊन बुडबुडे धरतात आणि पुढे दाबात आले की फुटतात. केसिंगमध्ये खडी फिरतेय असा आवाज येतो. इंपेलर उघडून पाहिला तर पात्यांवर, तोंडाजवळ, वाळवीने खाल्ल्यासारखे खड्डे दिसतात.

असा इंपेलर आणलात तर आम्ही नवा देऊ, पण मोटार खाली उतरवल्याशिवाय तोही तसाच खाल्ला जाईल. उतरवणं शक्यच नसेल तर निदान सक्शनचा पाइप पंपाच्या तोंडापेक्षा एक साइज मोठा घ्या, बेंड कमी करा आणि पाणी आणायला खणलेल्या चारीतला गाळ फुटव्हॉल्व्हपासून दूर ठेवा. हा खर्च आधी करा, इंपेलरचा नंतर.

धातू आणि पाणबुडी मोटारी, थोडक्यात

स्वच्छ विहिरीच्या पाण्याला बीडाचा (ओतीव लोखंडाचा) इंपेलर पुरतो. खारं पाणी असेल तर गनमेटल किंवा स्टेनलेस स्टील घ्या. किंमत जास्त आहे, पण बीड अशा पाण्यात गंजून फुगतं. बोअरच्या पाणबुडी मोटारीत बहुतेक प्लास्टिकचे इंपेलर एकावर एक असतात. वाळूने ते एकत्रच झिजतात, तेव्हा एखादाच बदलू नका, पूर्ण सेट बदला आणि बाऊलही (इंपेलरभोवतीच्या वाट्या) तपासून घ्या. हेड वाढवायला एखादा स्टेज (इंपेलर आणि बाऊलची जोडी) जादा घालायचा असेल तर मोटारीचा एचपी आधी सांगा.

येताना काय आणायचं

जुना इंपेलर तुटका असला तरी आणा. बाहेरचा व्यास सारखा असून भागत नाही. तोंडाचा व्यास, पात्यांची रुंदी, पात्यांची संख्या, बोअर (शाफ्ट जातो ते भोक), चावीचा गाळा आणि फिरण्याची दिशा, सगळं जुळावं लागतं. पात्यांची रुंदी थोडी जरी जास्त असली तरी पाणी आणि भार दोन्ही वाढतात. मोटारीच्या प्लेटचा फोटो आणा, त्यावरचे फेरे आम्हाला बघायचे असतात. १४४० फेऱ्यांचा इंपेलर २८८० फेऱ्यांच्या मोटारीवर बसवला तर भार आठपट होतो, तेव्हा भंगारातून मिळालेला इंपेलर "बसतोय" म्हणून बसवू नका. सोबत पाण्यापासून शेतापर्यंतची उंची, पाइपची लांबी आणि साइज, आणि ड्रमचे सेकंद लिहून आणा.

बसवण्याआधी आम्ही इंपेलर बॅलन्स करून देतो. बसवल्यावर तुम्ही पुन्हा ड्रम लावा, सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या व्हॉल्व्हला अँपिअर मोजा. प्लेटवरच्या आकड्यापेक्षा एकाही ठिकाणी जास्त आले तर पंप बंद करून आम्हाला फोन करा. बरोबर आले तर सेकंद, अँपिअर आणि तारीख स्टार्टरच्या पेटीच्या झाकणावर आतून रंगाने लिहून ठेवा.