शिक्षण आणि समाज

शिक्षण आणि समाज : नव्या पिढीला ज्ञान, कौशल्ये, भाषा व वागण्याच्या रीती देणारी व्यवस्था आणि ती उभी करणारा समाज यांच्यातील परस्परसंबंध. शाळेत काय, किती वर्षे, कोणत्या भाषेत आणि कोणाच्या खर्चाने शिकवायचे हे समाज ठरवतो. शाळेतून बाहेर पडणारी माणसे पुढे त्याच समाजातील कामे, सत्ता व मान यांची वाटणी बदलतात किंवा आहे तशी टिकवतात. यांपैकी काय घडेल हे शिक्षणाच्या जाहीर ध्येयांवरून कळत नाही. शुल्क, हजेरी, अध्यापनाची भाषा, गृहपाठ, वेगवेगळ्या शाळांसाठी मुलांच्या निवडीचे वय अशा साध्या दिसणाऱ्या गोष्टींवर ते ठरते, म्हणून येथे भर त्यांवरच आहे.

एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने शिक्षणाची व्याख्या करताना प्रौढ पिढीने सामाजिक जीवनासाठी अजून तयार नसलेल्या पिढीवर केलेला संस्कार, असा अर्थ मांडला. हा संस्कार मानवी इतिहासात बहुतेक काळ घरात, शेतात आणि कारागिराच्या हाताखाली होत असे. सर्वांसाठी सक्तीची शाळा ही कल्पना त्या मानाने अलीकडची आहे. प्रशिया या त्या काळच्या जर्मन राज्यात १७६३ च्या आदेशाने पाचव्या वर्षापासून तेराव्या-चौदाव्या वर्षापर्यंत शाळा बंधनकारक झाली. जपानने १८७२ मध्ये सर्वांसाठी प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला, पण शाळेचा भार बराचसा गावांवर आणि पालकांच्या शुल्कावर टाकला. पुढच्या काही वर्षांत शेतकऱ्यांच्या उठावांत अनेक शाळा जाळल्या गेल्या. सक्तीच्या शिक्षणाचे शुल्क १९०० मध्ये रद्द झाले आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत पटनोंदणी ९० टक्क्यांच्या वर गेली.

यात शुल्क हा खर्चाचा एकच भाग असतो. मूल शाळेत बसते तेवढा वेळ घराला त्याच्या श्रमाची मदत मिळत नाही, आणि हा न दिसणारा खर्च वयाबरोबर वाढत जातो. पहिलीतले मूल घरी राहिले तरी फारसे काम करू शकत नाही. बारा-तेरा वर्षांचे मूल मजुरी करू शकते, धाकट्या भावंडांना सांभाळू शकते. त्यामुळे प्राथमिक शाळा मोफत असूनही गळती नेमकी त्याच वयात वाढते. मेक्सिकोत १९९७ मध्ये सुरू झालेल्या रोख मदतीच्या योजनेची रचना या जाणिवेतून झाली होती. पैसे आईच्या हाती जात आणि ८५ टक्के हजेरीची अट असे. यत्ता वाढेल तशी रक्कम वाढे आणि माध्यमिक वर्गांत मुलींना मुलांपेक्षा जास्त मिळे. सर्व यत्तांना सारखी रक्कम देणाऱ्या योजना बहुधा खालच्या वर्गांत, म्हणजे मुले एरवीही आली असती तिथे, पैसा खर्च करतात.

गळतीचे आकडे वाचताना एक चूक नेहमी होते. ‘दरवर्षी पाच टक्के गळती’ हे ऐकायला किरकोळ वाटते. पण शंभर मुलांपासून सुरुवात करून प्रत्येक वर्षी उरलेल्यांतून पाच टक्के वजा केले, तर आठ वर्षांनी ६६ मुले राहतात. एक तृतीयांश मुले निघून गेलेली असतात. एकूण पटनोंदणीचे प्रमाण, म्हणजे त्या वयाच्या मुलांच्या संख्येशी पटावरील सर्व मुलांचे प्रमाण, शंभर टक्क्यांहूनही जास्त दिसू शकते, कारण त्यात उशिरा दाखल झालेली आणि त्याच यत्तेत पुन्हा बसलेली मुले मोजली जातात. खरे चित्र हवे असेल तर एका वर्षी पहिलीत आलेली मुले नावानिशी पुढे मोजत जावी लागतात, आणि नोंद मुलगा-मुलगी, आईचे शिक्षण, घराचा व्यवसाय यांनुसार वेगळी ठेवावी लागते. नुसती सरासरी सुधारली तरी दोन गटांतले अंतर तसेच राहिलेले असू शकते.

वर्गात बसलेली मुलेही सारख्या तयारीने आलेली नसतात. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या १९६६ च्या अहवालाने सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांच्या माहितीवरून दाखवले, की मुलांच्या गुणांतील फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या पार्श्वभूमीशी जास्त जोडलेला आहे. शाळेने काही फरक पडत नाही, असा त्याचा अर्थ अनेकांनी घाईने काढला. १९८३ मध्ये हेनेमन आणि लॉक्सली या संशोधकांनी २९ देशांची तुलना केली, तेव्हा गरीब देशांत शाळा व शिक्षक यांचा वाटा बराच मोठा आढळला. जिथे शाळेच्या किमान सोयी सगळीकडे पोचल्या आहेत तिथे उरलेला फरक घराचा दिसतो. जिथे पुस्तकच नाही, तिथे पुस्तक मिळणे हीच मोठी गोष्ट ठरते.

घराचा हा परिणाम कसा होतो, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ प्येर बूर्दिय यांनी ‘सांस्कृतिक भांडवल’ या संकल्पनेतून स्पष्ट केले. सुशिक्षित घरातल्या मुलाला बोलण्याची ढब, पुस्तकांची सवय, प्रश्न विचारण्याचा धीर या गोष्टी न शिकवता मिळतात. शाळा या गोष्टी स्वतःहून शिकवत नाही, पण गुण देताना त्यांची अपेक्षा धरते, आणि मग वारशाने मिळालेली गोष्ट बुद्धी म्हणून नोंदली जाते. माझ्या मते गृहपाठ हे याचे सर्वांत उघड उदाहरण आहे. वर्गात न समजलेला भाग घरी पाठवला की अध्यापनाचा एक हिस्सा घराकडे जातो. ज्या घरात समजावणारे कोणी नाही, तिथे तो हिस्सा रिकामाच राहतो. घरी फक्त वर्गात पक्के झालेले वाचन व सराव द्यावा आणि नवा भाग शिक्षकासमोरच हाताळावा, एवढ्याने हे नुकसान पुष्कळ कमी होते.

भाषेची अडचण याहून खोल आहे. युनेस्कोच्या १९५३ च्या अहवालाने सुरुवातीचे शिक्षण मातृभाषेत द्यावे आणि मातृभाषेचा वापर शक्य तितक्या पुढच्या वर्गांपर्यंत चालू ठेवावा, असे सुचवले. व्यवहारात घोळ होतो तो माध्यम बदलण्याच्या वेळी. वाचन शिकण्याचा टप्पा संपून वाचनातून विषय शिकण्याचा टप्पा सुरू होतो, त्याच वर्षी भाषाही बदलली तर मूल गणित किंवा विज्ञानात मागे पडल्यासारखे दिसते; प्रत्यक्षात त्याला प्रश्नाचे वाक्यच कळलेले नसते. दुसरी भाषा आधी काही वर्षे विषय म्हणून शिकवणे आणि माध्यम एकेका विषयापासून बदलणे हा सुरक्षित मार्ग आहे.

मुलांची वेगवेगळ्या शाळांत विभागणी जितकी लवकर, तितका निकालात घराचा हात मोठा. फिनलंडमध्ये अकराव्या वर्षाच्या सुमारास मुले दोन प्रकारच्या शाळांत विभागली जात. १९७२ ते १९७७ या काळात, उत्तरेकडून सुरुवात करून, सर्वांसाठी नऊ वर्षांची एकच शाळा झाली आणि विभागणी सोळाव्या वर्षावर गेली. बदल देशभर टप्प्याटप्प्याने झाल्याने त्याचा परिणाम मोजता आला : वडिलांचे उत्पन्न मुलाच्या उत्पन्नाशी किती बांधलेले आहे याचे मान (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही) ०.३० वरून ०.२३ वर आले.

शिक्षणाचा नुसता प्रसार मात्र विषमता आपोआप मिटवत नाही. आयर्लंडच्या माहितीवरून राफ्टरी आणि हाउट या समाजशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये दाखवले, की एखाद्या पातळीवर वरच्या थरातील जवळजवळ सगळे पोचल्याशिवाय तिथले थरांमधील अंतर फारसे घटत नाही. अंतर घटले तरी ते पुढच्या पातळीवर, किंवा त्याच पातळीवरील शाळांच्या दर्जात पुन्हा दिसते. पदवीचे मोल यातूनच उतरते. नोकरीचे काम तेच राहते, पण उमेदवार जास्त शिकलेले मिळतात म्हणून पात्रतेची अट वाढते. त्या पदवीने काम जास्त चांगले होते, की ती केवळ उमेदवारांना चाळण्याची खूण असते, हा अर्थशास्त्रातला जुना वाद आहे. पहिली बाजू थिओडोर शुल्ट्झ यांच्या १९६१ मधील मानवी भांडवलाच्या मांडणीने प्रसिद्ध झाली, दुसरी मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये मांडली. दोन्हींत तथ्य आहे आणि व्यवसायानुसार प्रमाण बदलते.

वरच्या वर्गाला शिकवले की विद्या खाली झिरपेल, हा समज या सगळ्या अनुभवाशी जुळत नाही. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यावर नेमके बोट ठेवले : सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली आणि शिक्षक शेतकरी वर्गातूनही यावेत असे म्हटले. कोणत्याही देशाचा शिक्षणखर्च तपासायचा तर हाच हिशेब मांडावा लागतो. एकूण रक्कम पाहून भागत नाही. प्रत्येक टप्प्यावर दर विद्यार्थ्यामागे किती खर्च होतो आणि त्या टप्प्यावर सर्वांत गरीब घरांतली किती मुले उरलेली असतात, हे दोन रकाने शेजारी ठेवून पाहावे लागतात.