चिंधी पांढरी निघेपर्यंत

नळीतून अमोनियायुक्त द्रावणात भिजवलेली चिंधी फिरवून रायफल दहा-पंधरा मिनिटे तशीच आडवी ठेवली आणि मग कोरडी, पांढरी चिंधी आत घातली, तर ती निळी होऊन बाहेर येते. बारावीच्या प्रयोगशाळेत मोरचुदाच्या द्रावणात अमोनिया ओतल्यावर जो गडद निळा रंग उमटतो, तोच हा रंग असतो. तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण असलेली गोळी पोलादी नळीतून घासत जाते तेव्हा त्या आवरणाचा अतिशय पातळ थर नळीला चिकटून राहतो. हवेतील ऑक्सिजन त्याचे हळूहळू ऑक्सिडीकरण करतो आणि अमोनिया त्या तांब्याला विरघळणाऱ्या संयुगात बांधून घेतो. मनगटाचा कितीही जोर लावला तरी ही क्रिया लवकर उरकत नाही, तिला तिचा वेळ द्यावाच लागतो. बंदूक साफ करायला किती वेळ लागतो, असे कोणी विचारले की मी म्हणूनच उलट विचारतो की नळीत नेमके काय उरले आहे, कारण सफाईचा वेळ ठरतो तो त्या उरलेल्या पदार्थावर.

सर्वांत कमी वेळ लागतो तो पॉइंट २२ रायफलीला. एन.सी.सी.च्या छात्रांच्या हाती येते ती हीच, आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या पन्नास मीटर प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारातही याच मापाचे काडतूस वापरतात. या काडतुसाची गोळी सामान्यतः शिशाची असते आणि तिच्यावर मेणासारख्या वंगणाचा लेप असतो, त्यामुळे तांबे काढण्याचा प्रश्नच उरत नाही. नळीत राहते ती काजळी, थोडे मेण, आणि चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या मागच्या पोकळीच्या, लगेच पुढे, गोळीला फिरकी देणारे आटे जिथे सुरू होतात तिथे साचत जाणारे शिशाचे कडे. सरावानंतर द्रावणाच्या दोन चिंध्या, पाच मिनिटांची विश्रांती, तीन-चार कोरड्या चिंध्या, बोल्टच्या, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या, तोंडावरची काजळी पुसणे आणि शेवटी तेलाचा हलका हात, एवढे सारे दहा ते पंधरा मिनिटांत होते. पहिली चिंधी काळीकुट्ट निघते, दुसरी राखाडी, आणि चौथ्या-पाचव्या चिंधीवर आट्यांच्या फक्त फिकट रेघा उरतात. तिथे थांबावे. पॉइंट २२ ची नळी लखलखीत होईपर्यंत घासल्यावर पहिल्या काही गोळ्या नेहमीच्या जागी बसत नाहीत, कारण मेणाचा पातळ थर नळीत पुन्हा जमेपर्यंत घर्षण बदलत राहते. यामुळेच अनेक अनुभवी नेमबाज स्पर्धेच्या आदल्या दिवशी पूर्ण सफाई करण्याचे टाळतात, किंवा केलीच तर नंतर काही गोळ्या झाडून नळी पुन्हा बसवून घेतात.

तांब्याच्या आवरणाच्या गोळ्या झाडणाऱ्या मोठ्या रायफलीला हाच हिशेब पाऊण तासापासून तासाभरापर्यंत जातो, मात्र त्यात हात प्रत्यक्ष कामात असतात ते पंधरा-वीस मिनिटेच. आधी साध्या द्रावणाने काजळी काढायची, नळी कोरडी करायची, मग तांब्याचे द्रावण लावून बाटलीवर दिलेल्या वेळेइतकेच थांबायचे आणि निळा रंग फिका होईपर्यंत हा क्रम पुन्हा करायचा. काजळी न काढता तांब्याचे द्रावण घातले तर ते तांब्यापर्यंत पोहोचतच नाही, कारण झाडलेल्या प्रत्येक गोळीगणिक काजळी आणि तांबे यांचे थर एकमेकांवर चढलेले असतात. नवख्या माणसाला हमखास चकवणारी एक गोष्टही इथेच सांगितली पाहिजे. चिंधी नळीत ढकलणाऱ्या गजाच्या टोकाला पितळेचा तुकडा असेल किंवा ब्रश कांस्याच्या तारांचा असेल, तर अमोनिया त्यांच्यातील तांबेही विरघळवतो. नळी केव्हाच स्वच्छ झालेली असते, पण चिंधी निळी निघतच राहते आणि माणूस तासन्‌तास घासत बसतो. अशा वेळी गजाचे टोक प्लास्टिकचे किंवा तांबे नसलेल्या धातूचे घ्यावे.

आता कोकणाकडे वळतो, कारण सफाईतील दिरंगाईची सर्वांत कठोर शिक्षा तिथे भोगावी लागते. शेती संरक्षणाच्या परवान्यावर बाळगलेली ठासणीची बंदूक सिंधुदुर्ग-रत्नागिरीतील अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिच्यात भरली जाणारी काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. आधुनिक धूरविरहित दारू जवळजवळ सगळी वायूरूप होते, पण काळ्या दारूच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यानंतरही घनरूपात उरतो. त्यातलाच काही धुराबरोबर बाहेर पडतो आणि बाकीचा नळीत बसतो. या राखेत पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड असतात. नळीत पाणी घातल्यावर सडक्या अंड्यासारखा जो वास येतो, तो सल्फाइडचा. खरा घातक घटक मात्र कार्बोनेट, कारण २५ अंश तापमानाला हवेतील सापेक्ष आर्द्रता ४३ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले पाणी ओढून स्वतःच पाझरू लागते. कोकणात आर्द्रता वर्षातील बहुतेक दिवस याच्या वर असते. बार काढल्यावर बंदूक तशीच भिंतीला टेकवून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी नळीत खारट चिखल आणि त्याखाली तांबूस गंज दिसतो तो यामुळे.

यावर उपाय तेलाचा नाही, पाण्याचा आहे. क्षार तेलात विरघळत नाहीत, उलट तेलाच्या थराखाली ते सुरक्षित राहून आपले काम चालू ठेवतात. ज्यांच्या घरी ही बंदूक आहे त्यांना हे ठाऊक असते. नळी दस्त्यापासून वेगळी करून तिचे खालचे टोक बादलीत ठेवायचे, किंचित साबण घातलेले गरम पाणी घ्यायचे आणि गजाला घट्ट चिंधी गुंडाळून पिचकारीसारखे वरखाली करायचे. बार पेटवणारी केप जिथे बसते त्या छिद्रातून पाणी आत-बाहेर खेचले जाते आणि ते छिद्रही आपोआप धुतले जाते. पाणी दोन-तीनदा बदलावे, शेवटचे पाणी स्वच्छ निघाले की साध्या गरम पाण्याने नळी खंगाळावी. गरम पाण्याचा फायदा असा की पोलाद तापते आणि उरलेली ओल लवकर उडून जाते, पण नळी कोरडी होताच लगेच तेल लावले नाही, तर त्या तापलेल्या, उघड्या पोलादावर काही मिनिटांतच पिवळसर गंज धरतो. या सगळ्याला अर्धा ते पाऊण तास लागतो, आणि हा वेळ बार काढला त्याच दिवशी द्यावा लागतो.

क्षारांचा हाच खेळ रायफलींमध्येही दीर्घकाळ चालला आणि कित्येक वर्षे कोणाला त्याचे कारण कळले नाही. १८८० च्या दशकात धूरविरहित दारू आली तेव्हा नळ्यांतली राख एकदम कमी झाली, तरी नळ्या गंजत राहिल्या, कधी कधी तर उत्तम साफ करून तेल लावल्यानंतरही. बराच काळ दारूच्या आम्लालाच दोष दिला जात होता. अमेरिकेच्या खाण विभागातील रसायनतज्ज्ञ विल्बर्ट हफ यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की खरा गुन्हेगार काडतुसाच्या टिकलीतील, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बुडाच्या छोट्या स्फोटक टोपीतील, पोटॅशियम क्लोरेट आहे. ते फुटल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरते, जे आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाचे सख्खे भावंड आहे. हा क्षार ओलसर होतो तो सुमारे ८४ टक्के आर्द्रतेला. कोरड्या प्रदेशात साफ न केलेली रायफल महिनोन्‌महिने ठीक राहते आणि मुंबईच्या जुलैमध्ये तीच दोन दिवसांत गंजते, याचे कोडे या एका आकड्याने सुटते. ब्रिटिश सैन्यात थ्री-नॉट-थ्रीच्या नळीतून नरसाळ्याने उकळते पाणी ओतण्याची रीत होती, आणि कारण पुरते कळण्याआधीच ती बरोबर ठरलेली होती. आजच्या बहुतेक काडतुसांच्या टिकल्यांत क्लोरेट नसते, म्हणून आधुनिक रायफलीला पाण्याची गरज पडत नाही. जुना लष्करी साठा वापरणाऱ्याने मात्र पाणी वापरूनच सफाई सुरू केलेली बरी.

सफाईचा वेळ वाचवण्याची हाव किती महाग पडू शकते याचे सर्वांत दुःखद उदाहरण व्हिएतनाम युद्धातले आहे. अमेरिकी सैनिकांच्या हाती नवी एम-१६ रायफल आली तेव्हा तिला सफाई फारशी लागत नाही असा समज पसरलेला होता आणि सफाईचे साहित्यही अनेक तुकड्यांना पुरेसे मिळाले नाही. त्यातच काडतुसातील दारूचा प्रकार बदलला गेला. नव्या दारूत आम्ल शमवण्यासाठी घातलेल्या कॅल्शियम कार्बोनेटमुळे रायफलीची यंत्रणा चालवणारा वायू मागे नेणाऱ्या बारीक नळीत अधिक मळी साचू लागली आणि रायफलीचा झाडण्याचा वेगही वाढला. चेंबरला क्रोमियमचा मुलामा नसल्याने दमट हवेत त्यात खड्डे पडत आणि झाडलेले काडतूस आत अडकून बसे. ऐन चकमकीत बंद पडलेली रायफल हातात घेऊन तरुण मुले मेली. अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने ऑक्टोबर १९६७ मध्ये या प्रकरणावर कडक अहवाल दिला. चेंबरला क्रोमियम आले, सफाईचे साहित्य प्रत्येकाला मिळू लागले, आणि रोजच्या सफाईची शिकवण सचित्र पुस्तिकेतून थेट सैनिकापर्यंत पोहोचवली गेली. मला यात दारूच्या बदलाइतकाच तो समजही जबाबदार वाटतो, कारण सफाई न लागणारी बंदूक अजून कोणी बनवलेली नाही.

पद्धतींपैकी सर्वांत झटपट पद्धत पुलथ्रूची. एका टोकाला वजन असलेली ही दोरी मागून सोडून तोंडाकडून ओढली की चिंधी एका दमात नळीभर फिरते, आणि मैदानावरच दोन-तीन मिनिटांत ढोबळ सफाई होते. आपल्याकडे यासाठी चार इंच लांब आणि दोन इंच रुंद चिंधी घेण्याची, आणि तेल लावताना रुंदी दीड इंचावर आणण्याची जुनी शिस्त आहे. तेलाची चिंधी अरुंद असते ती तेल पिळून न निघता नळीभर लागावे म्हणून. पुलथ्रूत एक धोका मात्र आहे. दोरी तिरकी ओढली की ती नळीच्या तोंडाच्या कडेवर घासते. दोरी पोलादापेक्षा मऊ असली तरी तिच्यात रुतलेले वाळूचे कण मऊ नसतात. जुन्या लष्करी रायफलींच्या तोंडाशी अशा घासण्याने पडलेली खाच आजही ओळखू येते. गोळी नळी सोडते तो शेवटचा बिंदू म्हणजे ही कड, आणि ती एका बाजूला झिजली की मागून सुटणारा वायू गोळीला एका अंगाने ढकलतो. म्हणून दोरी नेहमी नळीच्या रेषेत सरळ ओढावी, ती धुऊन स्वच्छ ठेवावी, आणि घरच्या पूर्ण सफाईसाठी चेंबरच्या बाजूने घातलेला, मार्गदर्शक नळीतून जाणारा एकसंध गज वापरावा. फेस बनणारी द्रावणे नळीत भरून ठेवली तर घासण्याचे श्रम वाचतात, थांबण्याचा वेळ तेवढाच राहतो. सुटे लहान भाग ध्वनिलहरींनी मळ सोडवणाऱ्या (अल्ट्रासॉनिक) टाकीत पाच-दहा मिनिटांत निघतात, पण टाकी मळाबरोबर तेलाचा शेवटचा अंशही काढते, म्हणून तिथून बाहेर आलेला भाग लगेच सुकवून तेल लावायला हवे.

तेलाबद्दल एक प्रश्न गावाकडे हटकून निघतो की घरचे तेल चालेल का. चालत नाही. शेंगदाणा किंवा करडईच्या तेलातील असंतृप्त मेदाम्ले हवेशी संयोग पावून तळणीच्या कढईच्या कडेला दिसतो तसा चिकट, पिवळा थर बनवतात आणि चापाची यंत्रणा जड होते. खोबरेल तेल तसे चिकटत नाही, पण ते खवट होताना आम्ले तयार होतात, आणि सुमारे २४ अंशांखाली ते कसे थिजते हे थंडीत डोक्याला तेल लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. खनिज तेलाचे चार थेंब पुरतात. झाडण्यापूर्वी मात्र नळी आणि चेंबर कोरड्या चिंधीने पुसून घ्यावेत आणि नळीतून आरपार उजेड दिसतो ना हे पाहावे, कारण आत राहून गेलेली एखादी चिंधी नळी फोडू शकते.

या सगळ्याच्या आधी येणारे एक मिनिट मी कधीही वगळत नाही. मॅगझीन काढायचे, बोल्ट उघडायचा, चेंबर डोळ्यांनी पाहायचे आणि मग बोटानेही चाचपायचे, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवायची आणि तोंड सतत निर्धोक दिशेला राखायचे. ठासणीच्या बंदुकीत गज आत टाकून तो किती खोल जातो हे बाहेरून मोजून पाहावे, म्हणजे आत जुना बार राहिला आहे का ते कळते. खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळ चूल किंवा शेगडी पेटती नसावी. काजळीत शिसे असते, गोळीतले आणि टिकलीतलेही, म्हणून सफाई करताना चहा-बिस्कीट काही नको, मुले जवळ नकोत, हात नंतर साबणाने आणि थंड पाण्याने धुवावेत, आणि काळ्या चिंध्या पिशवीत बांधून ठेवाव्यात, कुठेही फेकू नयेत.

निवडणुकीच्या काळात अनेक परवानाधारकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते आणि ती काही आठवडे तिथेच राहते, तेव्हा जमा करण्याआधीची सफाई घाईत उरकू नये. पूर्ण सफाई आदल्या दिवशी करावी आणि सकाळी निघताना नळीतून एक कोरडी चिंधी पुन्हा फिरवून पाहावी. ती पांढरी निघाली तर पुन्हा तेलाचा हात देऊन बंदूक न्यावी. तिच्यावर तांबूस छटा असेल, तर कुठेतरी क्षार राहिला आहे, आणि पाण्याचे भांडे पुन्हा चुलीवर चढवावे लागेल.