फिल्म-प्रक्रिया (उष्ण हवामानातील)

प्रकाश पडलेल्या फिल्मवरील अदृश्य प्रतिमा डेव्हलपरने दृश्य व हायपोने (सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणाने) टिकाऊ करण्याची क्रिया. व्यवहारात ‘फिल्म धुणे’. एक्स्पोजर (फिल्मवर पाडलेला प्रकाश) अचूक असले तरी निगेटिव्हचा कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद भागांतील फरक), कणीदारपणा (चित्रात दिसणारे दाणे) व आयुष्य बव्हंशी येथेच ठरते.

कृष्णधवल फिल्मसाठी २०° से. तापमान प्रमाण मानतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५° से. च्या पुढे जातो आणि गच्चीवरील टाकीतले पाणी तापते. डेव्हलपर बर्फात ठेवून थंड केला, पण पुढचे धुणे नळाच्या कोमट पाण्यात झाले, तर फुगलेल्या जिलेटीनवर (फिल्मवरील चांदीचे कण धरून ठेवणाऱ्या थरावर) जाळीदार सुरकुत्या पडू शकतात. म्हणून सर्व द्रावणे व पाणी एकाच तापमानाला ठेवणे हे नेमके २०° गाठण्यापेक्षा महत्त्वाचे. तापमान वाढल्यास डेव्हलपिंगचा वेळ कमी करता येतो. जिलेटीन फुगू नये म्हणून डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट, तर हायपोत तुरटी घालण्याची जुनी पद्धत आहे. अलीकडच्या फिल्मचे जिलेटीन कारखान्यातच कठीण केलेले असल्याने सुरकुत्यांचा हा दोष आता क्वचित दिसतो.

कणीदारपणाच्या कारणाविषयी मतभेद आहेत. डेव्हलपिंगच्या वेळी चांदीचे कण सरकून एकत्र येतात, असे जुने मत होते. परंतु वेगवेगळ्या खोलीवरील कण यदृच्छया एकमेकांवर येऊन पुंजक्यांसारखे दिसतात, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. साधारण १९२६-२७ च्या सुमाराच्या डी-७६ या डेव्हलपरमध्ये लिटरला १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट असते. ते सिल्व्हर हॅलाइड (फिल्ममधील प्रकाशसंवेदी चांदीचा क्षार) किंचित विरघळवते, त्यामुळे कण बारीक दिसतात, पण कडांची धार थोडी बोथट होते. समभाग पाणी मिसळून वापरल्यास धार सुधारते.

रंगीत फिल्मच्या सी-४१ प्रक्रियेत (१९७२) डेव्हलपर ३७.८° से. ला सव्वातीन मिनिटे वापरतात. पाव अंशाच्या फरकानेही रंग ढळू शकतात.

वाळवताना कठीण पाण्यातील क्षारांचे डाग राहतात, म्हणून शेवटी ऊर्ध्वपातित पाणी वापरावे. उन्हाळ्यात कूलरने खोली गार होते, परंतु ओली फिल्म त्याच्या झोतात टांगू नये. धूळ जिलेटीनमध्ये रुतते व पुसून निघत नाही. हायपोनंतरचे पाण्याने धुणे अपुरे राहिल्यास उरलेला हायपो कालांतराने चांदीचे सल्फाइड बनवतो आणि प्रतिमा पिवळट पडून फिकट होते.